सोयाबीन, युरिया आणि हळद: विकराचं काम डोळ्यांनी कसं बघावं

दहावी-बारावीच्या कुठल्याही मुलाला विचारा, विकर म्हणजे काय? उत्तर तोंडपाठ असतं: 'जैविक उत्प्रेरक, स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवतात.' दोन गुण मिळतात आणि विषय मिटतो. मी लातूरकडच्या एका सोयाबीन तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे विकरावर पेंडीचा ट्रक सुटायचा किंवा अडायचा. त्यामुळे ही व्याख्या मला कागदावर कधी दिसलीच नाही, परीक्षानळीत लाल होताना दिसली. ते लाल होणं घरच्या ओट्यावर कसं बघायचं, तेवढंच इथे सांगते.

सामान आमच्या भागात तरी कुणाच्याही घरात सापडेल. मूठभर कच्चं सोयाबीन. खताच्या गोणीतला दोन-चार चमचे युरिया. हळद, शक्यतो घरी दळलेली. आमच्याकडे वसमतची येते. दवाखान्यात इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट थोडंसं, एक लिंबू, झाकणाच्या चार काचेच्या बाटल्या. आणि आरओचं पाणी. बोअरच्या पाण्याने हा प्रयोग करू नका. आमचं बोअरचं पाणी मुळातच अल्कधर्मी, त्यात हळद आधीच नारिंगीकडे झुकते आणि मग आपण काय बघतोय तेच कळत नाही.

आता एक इशारा, आणि तो वाचून सोडून देऊ नका. यातलं काहीही जनावराच्या तोंडी लागता कामा नये. युरिया आणि कच्चं सोयाबीन एकत्र पोटात गेलं तर बाटलीत जे होणार आहे तेच गाईच्या पोटात होतं, अमोनिया रक्तात उतरतो आणि जनावर दगावू शकतं. बाटल्या गोठ्यापासून लांब ठेवा, चमचे वेगळे ठेवा.

हळदीचा कागद

अर्धा चमचा हळद चार चमचे स्पिरिटमध्ये ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. वरच्या पिवळ्या द्रवात गाळणकागदाच्या किंवा टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. स्पिरिट पेटतं, म्हणून गॅसजवळ हे करू नका. उरलेला द्रव टाकू नका, तो थेंबाथेंबाने लागणार आहे.

पट्टी झाली की तिची परीक्षा घ्या. चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की ती तांबूसलाल झाली पाहिजे. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात, ते याच गुणावर. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं राहतं, अल्कात लाल होतं. अमोनिया हे अल्क आहे. अमोनिया झाला की हळद आपल्याला सांगणार, एवढी व्यवस्था आता झाली.

चार बाटल्या

सोयाबीन मिक्सरमध्ये कोरडंच दळून बारीक पीठ करा. दाणे भाजायचे नाहीत, भिजवायचेही नाहीत. प्रत्येक बाटलीत साधारण अर्धा कप पाणी घ्या.

पहिलीत फक्त एक चमचा युरिया. युरियावर निंबोळीचं आवरण असतं, त्याचा तवंग वर आला तर गाळून घ्या. दुसरीत फक्त एक चमचा सोयाबीनचं पीठ. तिसरीत दोन्ही. चौथीसाठी पीठ पाण्यात कालवून ढवळत दहा मिनिटं चांगलं उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच युरिया घाला. प्रत्येक बाटलीत हळदीच्या द्रवाचे आठ-दहा थेंब टाका. शिवाय हळदीची एक पट्टी ओली करून झाकणात अशी अडकवा की ती आत लोंबेल, पण पाण्याला टेकणार नाही.

मुलं थेट तिसरी बाटली करायला धावतात. धावू देऊ नका. पहिल्या दोन बाटल्या नसतील तर तिसरीने काहीच सिद्ध होत नाही. युरियाने हळद लाल होते का? नाही, पहिली बाटली पिवळीच राहते. सोयाबीनने होते का? नाही, दुसरीही पिवळी. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र दहा मिनिटांच्या आतबाहेर तिसरी नारिंगी, मग विटकरी लाल होत जाते. थंडीचे दिवस असतील तर थोडं थांबा. थोड्या वेळाने वर लोंबणारी पट्टीही लाल होऊ लागते. तिला पाणी लागलेलंच नाही, म्हणजे बाटलीतून काहीतरी हवेत येतंय. झाकण उघडून हाताने वारा घेऊन जपून वास घ्या. न धुतलेल्या मुतारीचा वास येईल. तिथेही हेच घडत असतं, फक्त सोयाबीनऐवजी जिवाणू काम करतात. ती पट्टी उघड्यावर वाळवली तर अमोनिया उडून जातो आणि रंग परत पिवळा होतो.

चौथी बाटली पिवळीच. पीठ तेवढंच, युरिया तेवढाच, पाणी तेच. फक्त पीठ उकळलेलं.

आत काय चाललंय

युरियाचा रेणू अगदी लहान. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, असे सगळे मिळून आठ अणू. पाण्यात तो आपण होऊन फुटतो, पण इतक्या सावकाश की नुसत्या पाण्यात तो वर्षानुवर्षं तसाच राहील. सोयाबीनच्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं. ते या रेणूला पाण्याच्या मदतीने फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं.

विकर म्हणजे बहुतेक वेळा प्रथिन, अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट घड्या पडून तयार झालेली. आपल्या अबईच्या शेंगेची एक परदेशी बहीण आहे, जॅक बीन. तिच्यातलं युरिएज सर्वांत जास्त अभ्यासलं गेलंय. त्याच्या एका साखळीत 840 अमिनो आम्लं असतात आणि अशा सहा साखळ्या मिळून एक रेणू होतो. आठ अणूंच्या युरियाला फोडायला एवढा मोठा पसारा कशाला? कारण त्या घड्यांमध्ये एक छोटी खोबण तयार व्हावी लागते. खोबणीत निकेल धातूचे दोन अणू नेमक्या अंतरावर बसवलेले असतात. युरिया आत आला की त्याचा ऑक्सिजन निकेलकडे ओढला जातो, रेणू विशिष्ट कोनात धरला जातो आणि तिथेच तयार असलेलं पाणी त्याच्या कार्बनवर चाल करून जातं. एरवी हा योग जुळून यायला फार ऊर्जा लागते, खोबणीत तो अल्प ऊर्जेत जुळतो. तुकडे बाहेर पडतात, खोबण रिकामी होते, पुढचा युरिया आत. एका खोबणीत एका सेकंदाला असे हजारो रेणू फुटतात.

खोबण युरियाच्या मापाची आहे, म्हणून तिला साखर चालत नाही आणि मीठही चालत नाही. एमिल फिशरने 1894 मध्ये यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती अजून पाठ्यपुस्तकांत आहे. 1958 मध्ये डॅनियल कोशलंडने ती थोडी सैल केली: किल्ली आत शिरताना कुलूपही आपला आकार थोडा बदलून घेतं. मला विचाराल तर पाठ्यपुस्तकांनी दुसरं चित्र आधी द्यावं. पहिल्याने मुलांच्या डोक्यात विकर म्हणजे लोखंडाचं काहीतरी बसतं, आणि मग ते उकळल्यावर का बिघडतं हे कळेनासं होतं.

उकळल्यावर होतं काय, तर साखळी तुटत नाही. साखळी शाबूत असते, घड्या उलगडतात. अंडं उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तो प्रकार हाच. घड्या गेल्या की खोबण गेली, आणि खोबण गेली की त्या 840 मण्यांच्या साखळीला युरियाचं काही करता येत नाही.

माझ्या भाचीने विचारलं होतं, ''मावशी, म्हणजे ते जिवंत असतं आणि उकळल्यावर मरतं का?'' मेलं असं आम्हीही लॅबमध्ये सर्रास म्हणायचो, पण जिवंत ते कधीच नसतं. दळलेलं पीठ काही जिवंत नाही, तरी ते काम करतंच. हा वाद एके काळी फार मोठा होता. आंबवण्याला जिवंत पेशीच लागते, असं मानणारे दिग्गज होते. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. त्या पेशीविरहित रसात साखर घातली तर बुडबुडे यायला लागले. 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं.

लिंबाचा खेळ

हा भाग मला सगळ्यांत आवडतो. तिसरी, लाल झालेली बाटली घ्या. लिंबाचे थेंब एकेक करून टाकत ढवळा, रंग जेमतेम पिवळा होईपर्यंतच. थेंब पडला की बारीक फेस दिसेल. युरियापासून झालेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाबरोबर पाण्यात अडकून पडला होता, आम्ल पडताच तो सुटला. म्हणजे अमोनिया हळदीने पकडला आणि दुसरा पदार्थ लिंबाने दाखवला.

आता काहीही न घालता थांबा. बाटली पुन्हा लाल होते. परत लिंबू, परत पिवळी, थोड्या वेळाने परत लाल. पीठ तेच, चमचाभर. 'स्वतः न बदलता' हे जे व्याख्येत असतं ते हेच. खर्च होतो तो युरिया.

मात्र हात आखडता ठेवा. लिंबू बदाबदा पिळलंत तर बाटली पुन्हा लाल होणार नाही, कितीही वाट बघा. जास्त आम्लातही घड्या मोडतात. प्रत्येक विकराला आपापली आम्ल-अल्काची पातळी, म्हणजे पीएच, लागते. जठरातलं प्रथिनं पचवणारं विकर पेप्सिन 2 च्या आसपासच्या पीएचला मजेत काम करतं, आणि तेच पुढे आतड्यात अल्कधर्मी पाचकरसात पोचलं की थांबतं. तिथून ट्रिप्सिन काम हाती घेतं.

गरम, गार आणि कमी-जास्त

तिसऱ्या बाटलीसारख्याच तीन बाटल्या करा. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, एक कोमटापेक्षा जास्त गरम, म्हणजे 50 ते 60 अंशांच्या पाण्यात उभी. इथे लोंबत्या पट्टीवर विसंबू नका. गरम पाण्यातून अमोनिया तसाही जास्त उडतो, त्यामुळे पट्टी जरा वाढवून सांगते. द्रवाचाच रंग बघा. गरमातली सगळ्यांत आधी लाल होईल. युरिएज तसं उष्णतेला दणकट आहे; आपल्या लाळेतलं अमायलेज या तापमानाला फार वेळ टिकणार नाही. फ्रिजमधली बराच वेळ रेंगाळेल. तिला बाहेर काढून ठेवा, ती कामाला लागते. गारठ्याने विकर थांबतं पण बिघडत नाही, उकळल्याने कायमचं बिघडतं. फ्रिजमधलं दूध का टिकतं आणि तरी शेवटी का नासतं, ते इथेच बघून घ्या.

मग पीठ निम्मं करून बघा. वेळ साधारण दुप्पट लागेल. आता पीठ तेवढंच ठेवून युरिया निम्मा करा. काही फरक पडत नाही! मुलं इथे हमखास अडतात. चमचाभर युरियातही रेणू इतके प्रचंड असतात की सगळ्या खोबणी भरलेल्या आणि बाहेर रांग लागलेली. रांग अर्धी झाली म्हणून काउंटरवरचा माणूस हळू होत नाही. याचं गणित लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी 1913 मध्ये मांडलं. बीएस्सीला त्या समीकरणाने मला रडवलं होतं, आणि दाखवायला लागलं काय तर दोन बाटल्या.

कारखान्यात हे कशासाठी

तेल काढून उरलेल्या पेंडीला आमच्याकडे डीओसी म्हणतात. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारं एक प्रथिन असतं. ते ट्रिप्सिनच्या खोबणीत जाऊन बसतं ते उठत नाही. कोंबडीला प्रथिन पचत नाही, स्वादुपिंड बिचारं आणखी ट्रिप्सिन करत राहतं आणि फुगतं. सोयाबीन शिजवूनच खायला घालावं लागतं, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर 1917 मध्येच दाखवलं होतं. म्हणून पेंड टोस्टरमधून वाफेवर शिजवतात.

शिजली की नाही, हे ट्रकगणिक कसं बघायचं? ते अडवणारं प्रथिन मोजणं वेळखाऊ. पण ज्या उष्णतेला ते बिघडतं साधारण त्याच उष्णतेला युरिएजही बिघडतं, आणि युरिएज आहे की नाही हे रंगाने कळतं. म्हणजे ज्या विकराशी कोंबडीचं काही देणंघेणं नाही, त्याला आम्ही साक्षीदार म्हणून बोलवायचो. झटपट परीक्षा अशी: पेंड ताटलीत पसरायची, तिच्यावर युरिया आणि फिनॉल रेड (हळदीसारखाच अल्कात लाल होणारा रंग) यांचं पिवळसर द्रावण ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. चार-दोन लाल ठिपके उमटले तर ठीक. ताटली लालेलाल झाली तर पेंड कच्ची. रीतसर परीक्षेत 0.2 ग्रॅम पेंड युरियाच्या बफर द्रावणात 30 अंशांवर अर्धा तास ठेवायची आणि पीएच किती चढला ते बघायचं. 0.05 ते 0.20 आलं की लॉट पास.

शून्य आलं तर नवखा केमिस्ट खूश होतो. जुना होत नाही. शून्य म्हणजे पेंड पुरती शिजली, की करपली, हे युरिएज सांगू शकत नाही. जास्त भाजलेल्या पेंडीत लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि कोंबडीला मिळत नाही. रंग छान खरपूस, वासही छान, आणि नायट्रोजन मोजला तर प्रथिनाचा आकडा जसाच्या तसा. म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रथिन किती विरघळतं ही दुसरी परीक्षा करायची. साक्षीदार एकच असला तर त्याने जे पाहिलं नाही ते विचारू नये.

घरी सोयाबीन भाजून खाणाऱ्यांनी युरिया-हळदीची परीक्षा आपल्या दाण्यांवर करावी. वरून तांबूस झालेला कोरडा दाणा आतून बरेचदा कच्चा असतो, कारण कोरड्या उष्णतेत घड्या लवकर उलगडत नाहीत, ओल लागते. रात्रभर भिजवून कुकरला चांगल्या शिट्ट्या केलेल्या सोयाबीनची बाटली पिवळीच राहते.

दुधात युरियाची भेसळ ओळखायलाही हेच वापरतात. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरच्या घरी करायच्या ज्या परीक्षा दिल्यात, त्यात ही आहे: 5 मिली दुधात अर्धा चमचा सोयाबीनची किंवा तुरीची पूड हलवायची, पाच मिनिटांनी लाल लिटमस अर्धा मिनिट बुडवायचा. निळा झाला तर दुधात युरिया घातलाय. हो, तुरीतही युरिएज आहे. कलिंगडाच्या बियांतही आहे. उन्हाळ्यात बिया वाळवून ठेवा आणि सोयाबीनच्या जागी वापरून बघा.

शेतात तर हे रोजचंच. मातीतल्या जिवाणूंचं युरिएज युरियाचा अमोनिया करतं. खत ओल्या जमिनीवर उघडं पडलं तर तो हवेत जातो, तुमच्या लोंबत्या पट्टीने पकडला तसाच. मातीआड केलं तर बराचसा मातीत धरला जातो. आणि जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू याच विकराने अमोनिया करून आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. एन्डोस्कोपीत काढलेला तुकडा डॉक्टर युरिया आणि रंगद्रव्य असलेल्या जेलमध्ये ठेवतात आणि रंग बदलतो का ते बघतात. आमच्या पेंडीच्या ताटलीचंच ते भावंड. त्या जिवाणूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं.

सम्नरबद्दल थोडं

विकर हे प्रथिन आहे, हे मी वर सहज लिहून गेले. ते सिद्ध झालं ते युरिएजवरच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर 1917 पासून जॅक बीनच्या पिठामागे लागला होता. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून त्याचा डावा हात कोपराखाली कापावा लागला होता, आणि तो डावखुरा होता. शेवटी 1926 मध्ये, पिठाचा अॅसिटोनमधला अर्क थंडीत रात्रभर ठेवल्यावर त्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले. ते प्रथिनाचे होते, आणि ते पाण्यात विरघळवून युरियात घातले की अमोनिया व्हायचा. रिचर्ड विलश्टेटरसारख्या नोबेलविजेत्याने ते मानलं नाही. त्याच्या मते प्रथिन हे नुसतं वाहक होतं, खरं विकर त्याला चिकटलेलं काहीतरी वेगळंच. सम्नरला नोबेल मिळायला 1946 उजाडलं.

आवराआवर

उरलेलं सगळं बादलीभर पाण्यात ओतून नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात टाका. कुंडीत नको, मुळं जळतात. बाटल्या साबणाने धुताना त्या पुन्हा लाल होतील, घाबरू नका, ती साबणाची करामत. परत स्वयंपाकाला मात्र वापरू नका. कपड्यावर हळद सांडली असेल तर ओला कपडा कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हाला टिकत नाही, डाग दोन दिवसांत फिका पडतो.